अपघाताच्या वकिलाची टक्केवारी, आणि तिच्यातून उभं राहिलेलं लॉ कॉलेज

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या गेन्सव्हिल गावी युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडाचं लॉ कॉलेज आहे. १९९९ पासून त्याचं नाव ‘फ्रेडरिक जी. लेव्हिन कॉलेज ऑफ लॉ’ असं आहे. फ्रेड लेव्हिन न्यायाधीश नव्हते, मंत्री नव्हते, उद्योगपतीही नव्हते. पेन्साकोला या समुद्रकाठच्या शहरात ते अपघातात जखमी झालेल्यांचे दावे चालवायचे. ज्या कॉलेजातून १९६१ मध्ये वकील होऊन बाहेर पडले, त्यालाच त्यांनी १ कोटी डॉलर दिले. राज्य सरकारच्या त्या वेळच्या योजनेप्रमाणे तेवढीच रक्कम सरकारनं घातली आणि २ कोटींचा निधी झाला.

आपल्याकडे अपघाताचा वकील म्हटलं की जिल्हा कोर्टातलं मोटार अपघात न्यायाधिकरण, तिथली फायलींची चळत आणि विमा कंपनीचा पॅनेलवरचा वकील डोळ्यासमोर येतो. त्या कामातून लॉ कॉलेजला नाव देण्याइतका पैसा उभा राहील, हे पटकन खरं वाटत नाही. अमेरिकेत तो राहतो, कारण तिथे या वकिलाची फी ठरवायची पद्धतच वेगळी आहे. ती पद्धत कळली की त्याची सगळी वकिली कळते: तो कोणती केस घेतो, कोणती परत पाठवतो, तडजोड केव्हा करतो, आणि कॉलेजला पैसे दिले तर ते कशासाठी देतो.

जिंकलो तर हिस्सा, हरलो तर शून्य

पाय मोडून घरी बसलेल्या माणसाकडे पगार नसतो, हॉस्पिटलचं बिल असतं आणि समोर विमा कंपनीचा तयारीचा वकील असतो. तासावर पैसे घेणारा वकील त्याला परवडत नाही. म्हणून करार असा होतो: वकील आत्ता काही घेणार नाही, भरपाई मिळाली तर तिच्यातला ठरलेला हिस्सा घेईल, केस हरली तर फी नाही. शिवाय कोर्टाची फी, वैद्यकीय कागद, तज्ज्ञ डॉक्टरांचं मानधन, जबान्या टिपून घेणाऱ्यांचं बिल हा सगळा खर्चही वकील आधी आपल्या खिशातून करतो. म्हणजे वकिलीबरोबर तो त्या केसमध्ये भांडवलही घालत असतो. गंभीर वैद्यकीय निष्काळजीपणाच्या दाव्यात तज्ज्ञांवरच लाखभर डॉलर सहज जातात. केस बुडाली की वकिलाचे ते पैसेही बुडतात.

हा हिस्सा मनाला येईल तेवढा घेता येत नाही. फ्लोरिडात वकिलांच्या संघटनेचे नियम राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेनं लागू होतात, आणि त्यांत टक्केवारीची पायरी ठरलेली आहे. प्रतिवादीची लेखी कैफियत कोर्टात येण्याआधी तडजोड झाली तर १० लाख डॉलरपर्यंत ३३ १/३ टक्के. कैफियत आल्यानंतर तीच ४० टक्के. १० ते २० लाखांच्या टप्प्यावर ३० टक्के, २० लाखांवरच्या रकमेवर २० टक्के, आणि अपील लढवावं लागलं तर ५ टक्के जास्त. यापेक्षा जास्त घ्यायचं तर कोर्टाची परवानगी लागते. करार लेखी हवा, त्याबरोबर अशिलाच्या हक्कांचं छापील निवेदन द्यावं लागतं, आणि सही केल्यावर कामकाजाच्या ३ दिवसांत अशील कारण न देता करार मोडू शकतो.

तडजोड झाल्यावर वकिलानं हिशेबाचा एक कागद द्यायचा असतो. त्याला ‘क्लोजिंग स्टेटमेंट’ म्हणतात. या धंद्यातला सर्वांत महत्त्वाचा कागद तोच, कारण जाहिरातीतला मोठा आकडा आणि अशिलाच्या हाती पडणारा आकडा यांतलं अंतर त्यावर दिसतं. एक सरळ उदाहरण मांडू. कार अपघाताची तडजोड १,००,००० डॉलरला, दावा दाखल होण्याआधीच झाली. वकिलाची फी ३३,३३३. वकिलानं केलेला खर्च ४,२००. हॉस्पिटल आणि आरोग्य विमा कंपनी यांचा भरपाईवर २७,००० चा बोजा होता, म्हणजे तेवढी रक्कम भरपाईतून त्यांना द्यायची होती, तो वकिलानं बोलणी करून १८,००० वर आणला. उरले ४४,४६७ डॉलर, आणि तेवढेच अशिलाचे.

आता हीच केस कोर्टात गेली, कैफियत आली, दोन तज्ज्ञांच्या जबान्या झाल्या आणि खर्च २१,००० वर गेला असं धरा. फी ४० टक्के, आणि बोजा तोच १८,००० चा. १,००,००० लाच मिटलं तर अशिलाच्या हाती येतात २१,०००. आधीचे ४४,४६७ हातात पडायला तडजोड साधारण १,३९,००० ची व्हावी लागते. म्हणून ‘कोर्टात खेचू, जास्त मिळेल’ असं म्हणणाऱ्या वकिलाला प्रत्येकानं हा हिशेब आधी कागदावर मांडायला सांगावा. विमा कंपनीही ही गणितं जाणून असते आणि तिची पहिली ऑफर त्यावर बेतलेली असते.

करारात आणखी दोन वाक्यं शोधावीत. खर्च फीच्या आधी वजा होणार की नंतर? आणि केस हरली तर केलेला खर्च अशिलाला भरावा लागणार का? ‘जिंकलो नाही तर फी नाही’ या ओळीत खर्चाबद्दल एक अक्षरही नसतं.

आपल्याकडे हे का चालत नाही

भारतात वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, दाव्यातल्या रकमेत हिस्साही घेता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत, सहाव्या भागातल्या दुसऱ्या प्रकरणात नियम २० म्हणून हे स्पष्ट लिहिलेलं आहे. त्याची एक गाजलेली केस आपल्या मुंबईचीच. एका ज्येष्ठ वकिलानं अशिलाला मिळणाऱ्या रकमेतला निम्मा हिस्सा घेण्याचा करार केला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९५४ च्या निकालपत्रात त्यांचं पूर्ण नाव न देता फक्त ‘जी’ एवढंच अक्षर आहे. न्यायालयानं भेद बारीक केला: दुसऱ्याच्या दाव्याला पैसा पुरवून हिस्सा घेणं भारतात मुळातून बेकायदा नाही, पण वकिलानं ते करणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे.

महाराष्ट्रात तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २५ मध्ये राज्याची दुरुस्ती आहे. तिच्यात दाव्याला पैसा पुरवणारा तिसरा माणूस गृहीत धरलेला आहे, आणि त्याला पक्षकार करून प्रतिवादीच्या खर्चासाठी जामीन मागण्याचा अधिकार कोर्टाला दिलेला आहे. थोडक्यात, पैसा लावणारा चालतो, पण तो अशिलाचा वकील असून चालत नाही. कारणही समजण्यासारखं आहे. ज्याचा हिस्सा निकालात अडकलाय, त्याचा सल्ला अशिलाच्या हिताचा राहील का? अमेरिकेनं हा धोका मान्य केला आणि टक्केवारीच्या पायऱ्या व हिशेबाचा कागद यांनी त्याला बांध घातला. आपण दारच बंद केलं. प्रत्यक्षात आपल्याकडेही तोंडी टक्केवारी ठरते, हे कोर्टाच्या आवारात कोणालाही ठाऊक आहे. फरक एवढाच की इथे तिला कमाल मर्यादा नाही, लेखी हिशेब नाही, आणि फसगत झालेल्या कुटुंबाला दाखवायला कागद नाही. नियम ठेवायचा की बदलायचा यावर मतं वेगळी असू शकतील. पण पैसे कसे वाटले गेले याचा सही केलेला कागद पक्षकाराला मिळावा, यावर दोन मतं असू नयेत.

भरपाईचा आकडा ठरवण्याची रीतही वेगळी. आपल्याकडे सरला वर्मा निकालापासून, म्हणजे २००९ पासून, मृताच्या वयावरून गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला गुणायचा आकडा, लावला जातो: ३१ ते ३५ वयाला १६, ३६ ते ४० ला १५, ४१ ते ४५ ला १४. २०१७ च्या प्रणय सेठी निकालानं जोडीदाराच्या सहवासाच्या हानीसाठी ४०,००० रुपये ठरवले आणि दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ दिली. फ्लोरिडात असा तक्ता नाही. दिवाणी खटल्यात साधारणपणे सहा नागरिकांची ज्युरी बसते आणि वेदनेचा, गमावलेल्या आयुष्याचा आकडा ती ठरवते. वकिलाचं कसब तिथेच लागतं, आणि अनिश्चितताही तिथेच असते.

एक फाइल कशी चालते, आणि कुठे बिघडते

फ्लोरिडात कार अपघातानंतर पहिला घोळ होतो तो पहिल्या १४ दिवसांत. इथे चूक कोणाचीही असो, पहिला खर्च आपल्याच गाडीच्या विम्यातून येतो: उपचाराच्या ८० टक्के आणि बुडालेल्या पगाराच्या ६० टक्के, मिळून १०,००० डॉलरपर्यंत. पण १४ दिवसांत डॉक्टरकडे गेलं नाही, तर उपचाराचा हा हक्कच जातो. मान जरा आखडलीय, बघू दोन-तीन आठवडे, असं म्हणून लोक थांबतात आणि तिथेच अडकतात. डॉक्टरनं तातडीची वैद्यकीय स्थिती असल्याचं लिहिलं नाही, तर ही मर्यादा १०,००० वरून २,५०० वर येते.

टॅम्पा, ऑर्लँडो, जॅक्सनव्हिलकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आजच आपली पॉलिसी काढून एक ओळ पाहावी: विमा नसलेल्या किंवा अपुरा विमा असलेल्या चालकाविरुद्धचं संरक्षण. फ्लोरिडात बहुतेक गाडीवाल्यांना दुसऱ्याच्या शारीरिक इजेचा विमा घेण्याची सक्ती नाही. समोरच्यानं सिग्नल तोडून धडक दिली, चूक शंभर टक्के त्याची, पण त्याच्याकडे ना विमा ना मालमत्ता, तर जगातला सर्वांत हुशार वकीलही ती केस घेणार नाही. घेऊन वसूल काय करणार? केस निवडताना वकील तीन गोष्टी पाहतो: चूक कोणाची, इजा किती, आणि पैसे कुठून येणार. तिसरी नसेल तर पहिल्या दोन फुकट जातात, आणि जखमी माणसाला याचंच सर्वांत जास्त वाईट वाटतं.

पुरावा लवकर गोळा करावा लागतो, कारण तो नासतो. दुकानाबाहेरच्या कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांत त्यावरच दुसरं चढून पुसलं जातं. ट्रकचालकाच्या ड्युटीच्या तासांची नोंद ट्रक कंपनीनं ६ महिने ठेवावी असा केंद्रीय नियम आहे. सातव्या महिन्यात मागायला गेलात तर ती नसेल, आणि नसण्यात कंपनीचा दोषही नसेल. म्हणून चांगला वकील पहिल्या आठवड्यातच ‘हा पुरावा जपून ठेवा’ असं लेखी पत्र पाठवतो. त्या पत्रानंतर पुरावा नष्ट झाला तर ज्युरीसमोर त्याचा जाब विचारता येतो. चेपलेली गाडीही भंगारात देऊ नये. तिच्या संगणकात धडकेआधीच्या काही सेकंदांचा वेग आणि ब्रेकची नोंद असू शकते.

मग येतं वाट पाहणं. उपचार चालू असताना मागणी करायची नसते. डॉक्टर जेव्हा सांगतात की आता यापुढे फारशी सुधारणा होणार नाही, तेव्हा नुकसानीचा खरा आकडा बांधता येतो. विमा कंपनी मात्र तिसऱ्याच आठवड्यात फोन करते आणि चार-पाच हजारांचा चेक द्यायला तयार असते. चेकबरोबर सही करायचा कागद असतो, ‘पूर्ण व अंतिम’. सहा महिन्यांनी मणक्याची शस्त्रक्रिया निघाली तर त्या सहीनंतर एक पैसा मिळत नाही. वेदना आणि मानसिक त्रास यांची भरपाई मागायची, तर कार अपघाताच्या केसमध्ये कायमची इजा, ठळक व्रण, महत्त्वाच्या शारीरिक क्षमतेची हानी किंवा मृत्यू यांपैकी काहीतरी सिद्ध व्हावं लागतं. नुसतं ‘फार दुखलं’ हे पुरत नाही.

मागणीच्या पत्रात पोलिसांचा अहवाल, फोटो, उपचाराचे सगळे कागद आणि बिलं, पगाराचे पुरावे, पुढच्या उपचारांबद्दल डॉक्टरांचं मत आणि शेवटी आकडा असतो. अनुभवी वकील बिलांच्या गठ्ठ्यापेक्षा एका पानावर जास्त वेळ घालवतो: हा माणूस अपघाताआधी काय करत होता आणि आता काय करू शकत नाही. ‘कंबरदुखी’ हा शब्द विमा कंपनीनं हजार वेळा वाचलेला असतो. ‘तीन वर्षांच्या मुलीला कारच्या सीटवर उचलून बसवता येत नाही’ हे तिला नव्यानं वाचावं लागतं.

तडजोड झाली नाही तर दावा. फ्लोरिडात मार्च २०२३ मध्ये कायदा बदलला आणि निष्काळजीपणाच्या दाव्याची मुदत ४ वर्षांवरून २ वर्षांवर आली. त्याच कायद्यानं आणखी एक मोठा बदल केला. पूर्वी तुमची चूक ८० टक्के असली तरी उरलेले २० टक्के मिळायचे. आता तुमचा दोष ५० टक्क्यांच्या वर गेला की मिळतं शून्य. ३० टक्के ठरला तर तेवढी कपात. त्यामुळे विमा कंपनीचा वकील आता सारी शक्ती जखमी माणसाचा दोष ५१ वर नेण्यात लावतो. वेगाचा अंदाज, फोनचे रेकॉर्ड, पट्टा लावला होता का, सगळं काढलं जातं. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या दाव्यांना यातली दोषाची नवी रेषा लागू नाही. त्यांचा रस्ताच निराळा आहे.

खटल्याआधी दोन्ही बाजूंच्या शपथेवर जबान्या होतात, प्रतिवादीचा डॉक्टर जखमीला तपासतो, आणि बहुतेक वेळा कोर्टच मध्यस्थीला पाठवतं. इथे एक नियम माहीत नसेल तर मोठा फटका बसतो. प्रतिवादीनं कायद्याप्रमाणे लेखी प्रस्ताव दिला, तुम्ही तो ३० दिवसांत स्वीकारला नाही, आणि ज्युरीचा निकाल त्या प्रस्तावापेक्षा २५ टक्के किंवा जास्त कमी आला, तर प्रस्तावाच्या तारखेपासूनचा प्रतिवादीच्या वकिलाचा खर्च तुमच्या माथी येतो. केस जिंकूनही घरातून पैसे भरायची वेळ येऊ शकते.

आणि अशिलानं स्वतः केस बिघडवण्याची जुनी रीत म्हणजे लपवणं. दहा वर्षांपूर्वी पाठ दुखायची हे वकिलाला सांगायचं नाही, आणि मग समोरचा वकील जुने कागद काढून ज्युरीसमोर ठेवतो. खरं तर कायदा जुनी इजा वाढल्याचीही भरपाई देतो. दुखणं होतं म्हणून केस जात नाही. खोटं सापडलं की जाते.

लेव्हिन आणि तंबाखूचा कायदा

लेव्हिन पेन्साकोलात ज्या फर्ममध्ये शिरले, तिचे एक भागीदार त्यांचे भाऊ होते आणि दुसरे रूबिन आस्क्यू, जे पुढे १९७१ ते १९७९ फ्लोरिडाचे गव्हर्नर झाले. लेव्हिन यांच्या कारकिर्दीतली सर्वांत दूरवर पोचलेली गोष्ट कोर्टात घडली नाही, विधिमंडळात घडली.

सिगारेट कंपन्यांवर कॅन्सरग्रस्तांनी दावे लावले की कंपन्या एकच उत्तर द्यायच्या: तुम्ही स्वतःच्या मर्जीनं ओढली. ज्युरीला ते पटायचं आणि दावा पडायचा. पण गरीब रुग्णांच्या उपचाराचा खर्च सरकारी मेडिकेड योजनेतून राज्य करत होतं, आणि राज्यानं काही सिगारेट ओढलेली नव्हती. १९९४ मध्ये लेव्हिन यांच्या पुढाकारानं मेडिकेडच्या वसुलीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. अधिवेशनाच्या शेवटाकडे, फारशी चर्चा न होता ती मंजूर झाली. राज्याला आता स्वतःच्या नावानं वसुली मागता येणार होती, रुग्णाची चूक हा बचाव चालणार नव्हता, आणि एकेका रुग्णाऐवजी आकडेवारीवरून नुकसान दाखवता येणार होतं. गव्हर्नर लॉटन चाइल्स यांनी दावा लावला. ऑगस्ट १९९७ मध्ये तंबाखू कंपन्यांनी ११.३ अब्ज डॉलरला तडजोड केली. राज्याच्या खासगी वकिलांची फी पुढे लवादानं ठरवली: सुमारे ३.४ अब्ज डॉलर, अनेक फर्ममध्ये मिळून. एवढी फी योग्य का, यावर तेव्हाही वाद झाला आणि व्हायलाच हवा होता, कारण तो सार्वजनिक पैशाचा प्रश्न होता.

असा वकील घडतो कसा

अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मग एलसॅटसारखी प्रवेश परीक्षा, मग जेडी ही तीन वर्षांची कायद्याची पदवी. त्यानंतर राज्याची बार परीक्षा आणि चारित्र्याची चौकशी, जिच्यात जुनी कर्जं आणि लपवलेले खटले बाहेर येतात. भारतात एलएल.बी. करून अमेरिकेत एक वर्षाची एलएल.एम. केली म्हणून फ्लोरिडाच्या परीक्षेला बसता येत नाही. तिथे सर्वसाधारणपणे मान्यताप्राप्त अमेरिकन कॉलेजची जेडीच लागते. परदेशी वकिलांना वाट देणारी राज्यं म्हणजे मुख्यतः न्यू यॉर्क आणि कॅलिफोर्निया. एलएल.एम.साठी घर गहाण टाकण्याआधी हे तपासावं.

नवा वकील थेट मोठे दावे लढत नाही. पुष्कळ जण पहिली काही वर्षं विमा कंपनीच्या बाजूनं काम करतात. समोरचा माणूस फाइलची किंमत कशी ठरवतो, कोणत्या वकिलाला खटल्याची भीती वाटते हे तो कसं ओळखतो, ते तिथे कळतं. ही शेवटची गोष्ट फार मोलाची. जो वकील कधीच ज्युरीपुढे उभा राहत नाही, त्याच्या सगळ्या अशिलांना कमी ऑफर येते. जाहिरातीवर हजारो केस गोळा करून सगळ्या स्वस्तात मिटवणाऱ्या फर्म आहेत. होर्डिंग मोठं असलं म्हणून खटला लढवायची ताकद मोठी असतेच असं नाही. वकिलाला विचारायचा प्रश्न एकच: गेल्या तीन वर्षांत किती खटले निकालापर्यंत नेले?

अशिलाचे पैसे वेगळ्या ट्रस्ट खात्यात ठेवावे लागतात. फर्मचा पगार अडला म्हणून त्यातले चार दिवसांसाठी उचलले, तरी सनद जाऊ शकते. याच खात्यांतून कायदेविषयक मदतीचा एक झराही निघतो. थोड्या मुदतीसाठी ठेवलेल्या लहान रकमांवर अशिलाला व्याज देणं परवडत नाही; ते सगळं व्याज एकत्र करून गरिबांच्या मोफत वकिलीला देण्याची योजना अमेरिकेत सर्वप्रथम फ्लोरिडानं, १९८१ मध्ये सुरू केली.

देणगी कॉलेजात काय करते

२ कोटींचा निधी म्हणजे २ कोटी खर्चायला मिळाले असं नव्हे. असा निधी गुंतवून ठेवतात आणि दरवर्षी त्याच्या साधारण ४ टक्के काढतात. म्हणजे वर्षाला ८ लाख डॉलर. राज्यातल्या विद्यार्थ्याची वर्षाची फी तिथे सुमारे २२ हजार डॉलर आहे. सगळा पैसा फीमाफीला दिला तर ३६ विद्यार्थ्यांचं वर्ष निघतं. तेच पैसे इमारतीला दिले तर दगडावर नाव राहतं, पण वीज, दुरुस्ती आणि शिपायांचा पगार कॉलेजच्या बोडक्यावर बसतो. म्हणून देणगीच्या करारात देखभालीची रक्कम वेगळी लिहिलेली आहे का, हे पाहावं. सरकारच्या भरीवरही विसंबू नये. फ्लोरिडानं ती योजना २०११ मध्ये थांबवली.

खटले लढवणाऱ्या वकिलांचा पैसा बहुधा खटला शिकवण्याकडे वळतो, आणि ते योग्यच आहे. गेन्सव्हिलच्या आवारात मार्टिन एच. लेव्हिन ॲडव्होकसी सेंटर आहे, त्यात खऱ्यासारखं कोर्टरूम आहे. आपल्या लॉ कॉलेजांत मूट कोर्ट चालतं, स्पर्धा होतात, ढाली मिळतात. पण मूट म्हणजे अपिलातला युक्तिवाद. साक्षीदार पिंजऱ्यात आणणं, सरतपासणीत सूचक प्रश्न न विचारणं, उलटतपासणीत फक्त उत्तर माहीत असलेलाच प्रश्न विचारणं, कागद पुराव्यात दाखल करून घेणं, हे त्यात येत नाही. मुलगा सुवर्णपदक घेऊन जिल्हा कोर्टात येतो आणि पंचनामा शाबीत कसा करायचा हे त्याला कारकून सांगतो. आपल्याकडच्या एखाद्या यशस्वी वकिलाला कॉलेजला काही द्यायचं असेल, तर ग्रंथालयाच्या नावापेक्षा खटल्याच्या सरावाची खोली आणि ती चालवायला निवृत्त न्यायाधीशांचं दहा वर्षांचं मानधन द्यावं.

आणि एक गोष्ट टक्केवारीच्या आवाक्यातच येत नाही. घटस्फोट, मुलांचा ताबा किंवा फौजदारी बचाव यांत निकालावर फी घ्यायला अमेरिकेतही मनाई आहे. शिवाय त्यातून वकिलाला हिस्सा घेता येईल असा पैसा मुळात निघत नाही. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून मूल घेऊन निघालेल्या बाईला कोणतं होर्डिंग उपयोगी पडणार? ही कामं कॉलेजच्या क्लिनिकमध्ये येतात. तिथे शेवटच्या टप्प्यातले विद्यार्थी प्रमाणपत्र घेऊन, शिक्षकांच्या देखरेखीखाली खऱ्या अशिलांसाठी खऱ्या न्यायाधीशांपुढे उभे राहतात.

लेव्हिन यांचं नाव असलेल्या त्या कॉलेजात दिवाणी क्लिनिकला व्हर्जिल हॉकिन्स यांचं नाव आहे. १९४९ मध्ये हॉकिन्स यांनी इथे प्रवेश मागितला आणि कृष्णवर्णीय म्हणून तो नाकारला गेला. नऊ वर्षं ते लढले. शेवटी १९५८ मध्ये त्यांनी स्वतःचा अर्ज मागे घेतला आणि कॉलेजचं दार इतर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना उघडलं. त्याच वर्षी जॉर्ज स्टार्क हा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी वर्गात आला. त्या वर्गात फ्रेड लेव्हिनही होते. हॉकिन्स दुसऱ्या राज्यात जाऊन कायदा शिकले, पण ते कॉलेज मान्यताप्राप्त नसल्यानं फ्लोरिडानं त्यांना वकिलीची परीक्षा देऊ दिली नाही. सत्तरीला टेकल्यावर, १९७६ मध्ये, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांना वकिलीची परवानगी दिली. १९८८ मध्ये ते वारले, आणि २००१ मध्ये गेन्सव्हिलच्या त्याच विद्यापीठानं त्यांना मरणोत्तर कायद्याची पदवी दिली.